नोंदीची उलटतपासणी



आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि युनियनच्या कचेरीत अधिक झाले. तेव्हा संगणकावर आम्ही बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण कामगारावरचे आरोपपत्र आता संगणकाच्या नोंदवहीतून निघू लागले, म्हणून ती वाचावयास आम्हांला शिकावेच लागले. या वहीला ‘लॉग’ म्हणतात. कोणाच्या नावाने, किती वाजता, काय घडले, हे यंत्र तीत ओळीओळीने लिहीत जाते.

एका कारखान्यातील भांडार-कारकुनाची गोष्ट सांगतो. त्याच्या नावाने रात्री ३ वाजून ४० मिनिटांनी साठ्याचा आकडा बदलल्याची नोंद सापडली. गडी दिवसपाळीचा! चोरीचा संशय येऊन तो निलंबित झाला. आम्ही एवढेच मागितले की, त्याची एकच ओळ नको, त्या दिवसाचा सगळा लॉग दाखवा. पाहतो तो काय, सकाळी ७ च्या पाळीचे झाडून सगळे कामगार रात्री दीडलाच कामावर हजर! लॉग जागतिक प्रमाणवेळेने लिहिला जात होता, आणि आपली वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. म्हणजे ३.४० चे झाले सकाळचे ९.१०. आकडा दुरुस्त करण्याविषयी साहेबांची चिठ्ठीही फायलीत निघाली. कारकून कामावर परतला. पण मधले दोन महिने त्याच्या घरी कसे गेले, ते आम्ही पाहिले आहे.

म्हणून अनपेक्षित नोंद दिसताच प्रथम मूळ लॉगची प्रत राखावी. जुन्या नोंदी पुष्कळदा आपोआप पुसल्या जातात. मग घड्याळ तपासावे. मागच्यापुढच्या ओळी वाचाव्या. ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामाची तर ती नोंद नव्हे ना, परवलीचा शब्द आणखी कोणास ठाऊक होता, हे विचारावे. शेवटी गेटवरच्या हजेरीशी मेळ घालावा. कधी नोंद खरीही निघते. ते मान्य करण्याचे धैर्य युनियननेही दाखविले पाहिजे.

ही तपासणी न झाल्यास काय होते? ब्रिटनमध्ये १९९९ पासून २०१५ पर्यंत नऊशेंहून अधिक उपडाकपाल व टपाल-कर्मचारी दोषी ठरले. ‘होरायझन’ या संगणकप्रणालीने दाखविलेली तूट खरी मानली गेली. प्रणालीतच दोष होते, हे लंडनच्या उच्च न्यायालयाने २०१९ साली सांगितले. तोवर कित्येकांनी तुरुंग भोगला होता.

उद्या आपल्या घरातील कोणापुढे असा कागद आला, तर सही करण्यापूर्वी सगळा लॉग मागावा, एवढीच आमची विनंती.