निर्देशांकाचा आकडा आणि कामगाराची चिकित्सक दृष्टी



दिल्लीत मंडी हाऊसच्या चौकातून निघणाऱ्या एका मार्गाला कोपर्निकसचे नाव आहे. जुने महाराष्ट्र सदन याच मार्गावर असल्याने दिल्लीस येणाऱ्या मराठी माणसाला ते परिचित आहे. १५४३ साली कोपर्निकसचा ग्रंथ प्रसिद्ध झाला, तेव्हा दुर्बीण नव्हती. त्याचा आधार मुख्यतः पूर्वसूरींच्या नोंदींचाच होता. परंतु नोंद घेणारा ज्या पृथ्वीवर उभा आहे ती स्वतःच फिरते, हे गृहीत धरताच त्याच नोंदींचा अर्थ पालटला. समाजविषयक आकड्यांनाही हाच प्रश्न विचारावा लागतो: मोजणारा कोठे उभा आहे?

मुंबईच्या कामगारांनी हा प्रश्न १९६३ साली विचारला. त्यांचा महागाई भत्ता राहणीमान खर्चाच्या निर्देशांकाशी जोडलेला होता. निर्देशांकाचे पायाभूत वर्ष होते १९३३-३४, आणि त्याचा आधार १९३२-३३ मधील कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी हा होता. तीस वर्षांत शहर बदलले, संसार बदलला. बाजारात भाव चढत होते आणि निर्देशांक मागे रेंगाळत होता. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये मुंबई बंद झाली. राज्य शासनाने अर्थशास्त्रज्ञ प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. समितीला निर्देशांकात दोष आढळले आणि दुरुस्ती करावी लागली.

या लढ्याचा धडा असा की, आकडा खोटा आहे एवढे म्हणून भागत नाही. तो कसा तयार होतो हे कळले पाहिजे. निर्देशांकात प्रत्येक वस्तुगटाला भारांक दिलेला असतो. औद्योगिक कामगारांसाठीच्या ग्राहक किंमत निर्देशांकाची २०१६ हे पायाभूत वर्ष धरलेली मालिका सप्टेंबर २०२० पासून लागू झाली. तीत खाद्यपदार्थांच्या गटाचा भारांक सुमारे ४६ वरून ३९ वर आला.

समजा, अन्न १० टक्क्यांनी महागले आणि इतर सर्व वस्तू २ टक्क्यांनी. भारांक ३९ असता वाढ सुमारे ५.१ टक्के दिसेल. पण ज्या घरी शंभरातले साठ रुपये अन्नावर जातात, त्या घरची महागाई ६.८ टक्के असते. बाजार एकच, भाव एकच; तरीही दोन आकडे, आणि दोन्ही गणिताने बरोबर.

म्हणून भारांक घटला म्हणजे कपट झाले, असे समजणे उतावळेपणाचे होईल. उत्पन्न वाढते तसा अन्नावरील खर्चाचा वाटा घटतो, हा नियम जर्मन संख्याशास्त्रज्ञ अर्न्स्ट एंगेल याने १८५७ साली मांडला. फ्रेडरिक एंगेल्सशी त्याचा संबंध नाही. परंतु सरासरी घटली तरी प्रत्येक घर त्या सरासरीत बसत नाही. कंत्राटी कामगाराचे घर तीत कितपत बसते, हे तपासावेच लागते.

दुसरा तपास जोड-गुणकाचा. जुन्या आणि नव्या मालिकेची सांगड घालण्यासाठी २.८८ हा गुणक ठरविला गेला. जुन्या अंकांवर आधारलेल्या वेतनकरारात नवा अंक त्याने गुणूनच वापरावा लागतो. कामगाराच्या प्रतिनिधीला हे ठाऊक नसेल, तर वाटाघाटीत दुसऱ्या बाजूचा हिशेब त्याला मुकाट्याने मान्य करावा लागेल.

हे शिक्षण अभ्यासमंडळांतून देता येण्यासारखे आहे. प्रत्येक आकड्यापुढे चार प्रश्न ठेवावेत: कोणाला मोजले? कोणाला वगळले? कोणत्या वर्षाशी तुलना केली? सरासरीखाली कोण झाकले गेले? त्यासाठी गणिताची पदवी लागत नाही. शाखेतील दहा-बारा कुटुंबांनी एक महिना घरखर्चाची वही ठेवावी, घरातील स्त्रियांकडून ती तपासून घ्यावी आणि मग ती निर्देशांकाच्या भारांकांशी ताडून पाहावी. इतक्या थोड्या घरांवरून देशाविषयी निष्कर्ष काढता येणार नाही, हेही त्याच बैठकीत शिकवावे. कारण चिकित्सा स्वतःच्या आकड्यांचीही करावयाची असते.