मुदत सरलेला दावा



वसंतातल्या या संध्याकाळी काव्यशास्त्रविनोद ऐकावयाचा सोडून विम्याच्या हप्त्यांचा रुक्ष विषय आपल्यापुढे मांडतो आहे, याची मला जाणीव आहे. शिवाय हकीकत आहे ती इंग्लंडातली. परंतु तिच्या पोटात जो प्रश्न आहे तो आपणा सर्वांच्या घरातला आहे. आपण फसलो होतो हे जर दहा-बारा वर्षांनी कळले, तर ‘आता मुदत सरली’ म्हणून गप्प बसावयाचे, की पुन्हा एकदा दार ठोठवावयाचे?

प्रथम हकीकत सांगतो. इंग्लंडात कर्ज घेणाऱ्याला एक विमा विकण्याची चाल पडली होती. पेमेंट प्रोटेक्शन इन्शुरन्स हे त्याचे नाव. कर्जदार आजारी पडला किंवा त्याची नोकरी गेली, तर काही काळ कर्जाचे हप्ते विमा कंपनीने भरावयाचे, अशी ही योजना. कल्पना वाईट नव्हती. वाईट होती ती विक्री. ज्याचा स्वतःचा धंदा आहे किंवा जो सेवानिवृत्त आहे, अशा माणसाला नोकरी जाण्याच्या विम्याचा उपयोग तो काय? पण त्यांनाही तो विकला गेला. विमा घेतला नाही तर कर्ज मंजूर होणार नाही, अशी अनेकांची समजूत करून देण्यात आली. कित्येकांना तर आपण विमा घेतला आहे याचा पत्ताच नव्हता. पुष्कळदा सगळा हप्ता एकरकमी धरून कर्जाच्या मुद्दलात मिळवीत आणि त्यावरही व्याज लावीत. म्हणजे संरक्षणासाठी घेतलेली छत्रीच डोक्यावरचा भार वाढवीत होती! असे सुमारे ६ कोटी ४० लक्ष विमे त्या देशात विकले गेले, आणि त्यांतले बहुतेक १९९० ते २०१० या वीस वर्षांतले.

२००५ च्या सप्टेंबरात सिटिझन्स अॅडव्हाइस या लोकसेवी संस्थेने सरकारी खात्याकडे या व्यवहाराविरुद्ध रीतसर गाऱ्हाणे नेले. पुढे नियामक मंडळाने बँकांना जुन्या तक्रारी नीट तपासावयास सांगितले, तेव्हा बँकांची संघटना न्यायालयात गेली. २०११ च्या एप्रिलमध्ये ती हरली आणि भरपाईचा ओघ सुरू झाला. २०११ पासून २०१९ अखेरपर्यंत ३८ अब्ज पौंडांहून अधिक रक्कम लोकांना परत मिळाली. तक्रारी दाखल करण्याची शेवटची तारीख २९ ऑगस्ट २०१९ ठरविण्यात आली होती.

इथवरची गोष्ट सरळ आहे. पण माझा विषय याच्या पुढचा आहे. ज्यांची तक्रार पूर्वी फेटाळली गेली, किंवा ज्यांना वाटले की कायद्याची सहा वर्षांची मुदत संपली, त्यांचे काय? त्यांच्या मेल्या दाव्यात पुन्हा जीव आला तो दोन खटल्यांमुळे.

पहिल्या खटल्यातील वादी एक विधवा बाई होत्या. त्यांनी २००६ साली ३४,००० पौंड कर्ज काढले. विम्यापोटी ५,७८० पौंड त्यांच्या माथी आले. यांपैकी प्रत्यक्ष विमा कंपनीला पोचले अवघे १,६३० पौंड. बाकीचे ४,१५० पौंड, म्हणजे शेकडा ७१.८, हे दलाल आणि कर्ज देणारी पेढी यांनी वाटून घेतले. बाईंना याची गंधवार्ता नव्हती. २०१४ च्या १२ नोव्हेंबरला इंग्लंडच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, एवढी मोठी दलाली झाकून ठेवल्याने सावकार आणि ऋणको यांच्यातला संबंधच अन्यायाचा झाला. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ अशी आपल्याकडे म्हण आहे. न्यायालयाने ती मूठ उघडावयास लावली. यामुळे ज्यांचे गाऱ्हाणे ‘विक्री योग्यच होती’ म्हणून पूर्वी नाकारले गेले होते, त्यांतल्या पुष्कळांना दलालीच्या मुद्द्यावर पुन्हा येण्याची वाट मोकळी झाली.

दुसऱ्या खटल्याने मुदतीच्या प्रश्नालाच हात घातला. येथेही कर्ज २००६ चेच. १६,९५३ पौंड हाती आले आणि ३,८३४ पौंड विम्याचे वर चढले. त्यांतले शेकडा ९५ हून अधिक पेढीच्या खिशात दलाली म्हणून राहिले. शंभर पौंडांत पाच पौंडांचाही विमा नाही! कर्ज २०१० मध्ये फिटले. २०१८ मध्ये तक्रार करून या बाईंना काही रक्कम मिळाली. परंतु दलालीचा हा आकडा त्यांना कळला तो त्याच वर्षी नोव्हेंबरात वकिलाकडून, आणि डिसेंबरात त्यांनी दावा लावला. पेढी म्हणाली, “सहा वर्षे केव्हाच सरली, शिवाय दलाली सांगण्याचे कायदेशीर बंधन आमच्यावर नव्हते, मग लपविली असे कसे म्हणता?” १५ नोव्हेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. दाव्याला आवश्यक असलेली गोष्ट जाणूनबुजून दडवली असेल, तर ती सांगण्याचे बंधन होते की नव्हते याला महत्त्व नाही. गोष्ट उघडकीस येईपर्यंत मुदतीचे घड्याळ सुरूच होत नाही.

मला यातला न्याय फार मोलाचा वाटतो. मुदतीचा कायदा हवाच. साक्षीदार मरतात, कागद जीर्ण होतात, आणि नातवाने आजोबांच्या भांडणात उभे राहावे हे कोणालाच बरे नाही. परंतु मुदत ही आळशाला शिक्षा म्हणून असते, लपविणाऱ्याला बक्षीस म्हणून नव्हे.

म्हणून काय कोणताही शिळा दावा ताजा होतो? नाही, आणि हे सांगितल्यावाचून विषय अर्धवट राहील. जी गोष्ट पूर्वीच कळली होती, किंवा वाजवी काळजी घेतली असती तर कळली असती, तिची सहा वर्षे तेव्हापासूनच मोजली जातात. ज्यांचे कर्ज एप्रिल २००८ पूर्वीच संपले, त्यांना या अन्याय्य संबंधाच्या कलमाचा आधार नाही. शिवाय मेलेल्या दाव्यांच्या भोवती गिधाडेही जमतात. दावे मिळवून देणाऱ्या मध्यस्थ कंपन्या भरपाईतला इतका वाटा घेऊ लागल्या की २०१८ मध्ये कायद्याने तो शेकडा २० वर रोखावा लागला. एका दलालाने नागवलेल्या माणसाने दुसऱ्या दलालाच्या दारी जावे, ही केवढी विटंबना! आणि तेच काम इंग्लंडातले लोकपाल-कार्यालय फुकट करीत होते.

ही सारी परक्यांची गोष्ट आहे असे कोणास वाटेल, त्याने जरा आपला इतिहास आठवावा. १८७५ च्या मे महिन्यात याच पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात रयतेने सावकारांची खतपत्रे हिसकावून जाळली. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी जो कायदा झाला, त्यात न्यायालयाला एक नवा अधिकार मिळाला: खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहारापासून हिशेब तपासण्याचा. कागदावर अंगठा आहे एवढ्याने न्याय संपत नाही, हे तत्त्व आपल्या मातीत दीडशे वर्षांपूर्वी रुजले आहे.

आजही घराचे कर्ज काढताना विम्याचा एकरकमी हप्ता कर्जात मिळवलेला आपल्यापैकी कित्येकांना आढळेल. तो घेणे वाईट नाही; कमावता माणूस गेला तर घर राहते. पण सही करण्याआधी विचारावे: हा विमा सक्तीचा आहे का? हप्त्यावर व्याज किती पडेल? मध्यस्थाच्या वाट्याला किती जाते? कागद घरी नेऊन वाचावा आणि जपून ठेवावा. आणि उशिरा काही उमगले, तर लाजून बसू नये. आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. तरी पुरेसे कारण दाखवल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार आयोगाला दिलेला आहे. मात्र कळल्या दिवसापासून हालचाल केली, हे आपल्याला दाखविता आले पाहिजे.

त्या दोन बायका काही मोठ्या कायदेपंडित नव्हत्या. आपल्या पैशाचे काय झाले, एवढा एकच साधा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. फसल्याची लाज फसवणाऱ्याने बाळगावी. फसलेल्याने फक्त कागद बाळगावेत.