डाळिंब कोणाला लागू पडते?

आजाऱ्याला भेटायला निघालेला माणूस आपल्याकडे वाटेत डाळिंबे घेतो. बाळंतिणीला डाळिंब, तापातून उठलेल्याला डाळिंब, आणि अंगात रक्त कमी असले तर हटकून डाळिंब. दाणे लाल, म्हणजे रक्त वाढणारच, असा हा सरळ हिशेब. तो काही खरा नाही. दाण्यांत लोह अगदी किरकोळ असते आणि त्यांच्या लाल रंगाचा लोहाशी संबंध नसतो.

डाळिंबातली खरी गंमत दुसरीकडेच आहे. आपण टाकून देतो त्या सालीत आणि दाण्यांमधल्या पिवळट पडद्यात प्युनिकॅलाजिन नावाचे द्रव्य असते. साल तुरट लागते ती मुख्यतः असल्या द्रव्यांमुळे. अख्खे फळ दाबून काढलेल्या बाजारच्या रसात ते बऱ्यापैकी उतरते, नुसत्या सोललेल्या दाण्यांच्या रसात कमी.

पण ते पोटात गेले म्हणजे अंगी लागले असे नाही. त्याचा रेणू एवढा मोठा, की आतड्याच्या अस्तरातून जसाच्या तसा जवळजवळ जातच नाही. तो फुटून इलॅजिक आम्ल तयार होते, तेही रक्तात फारसे शिरत नाही. उरलेले सगळे मोठ्या आतड्यात पोहोचते आणि तिथल्या जिवाणूंच्या हाती पडते. ते त्या आम्लाचे एक कडे तोडतात, मग एकेक हायड्रॉक्सिल गट काढत जातात, आणि शेवटी तयार होते युरोलिथिन. हे मात्र रक्तात सहज जाते. या कामाला वेळ लागतो. आज रस प्यायलात तर युरोलिथिन रक्तात दिसू लागते साधारण उद्या.

आणि तेही सगळ्यांच्या नाही. दूध घरोघरी येते, पण विरजण असेल त्याच घरी दही लागते. स्पेनमधल्या मुर्सिया शहरात फ्रान्सिस्को तोमास-बार्बेरान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे हाच धागा धरून काम केले. त्यांनी माणसांचे तीन गट पाडले: काहींच्या पोटात युरोलिथिन-ए तयार होते, काहींच्या पोटात त्याच्या जोडीला त्याची भावंडेही, आणि काहींच्या पोटात काहीच नाही. या कामातले काही टप्पे उरकणारा एक जिवाणू त्यांना माणसाच्या विष्ठेत सापडला. २०१४ साली त्याचे नाव ठेवले गॉर्डोनिबॅक्टर युरोलिथिनफेशियन्स. पुढे १०० माणसांना डाळिंबाचा रस पाजून केलेल्या एका पाहणीत सुमारे ४० टक्के लोकांतच युरोलिथिन-ए म्हणण्यासारखे तयार झाले.

सांगोला, आटपाडी भागातल्या बागायतदारांपुढे डाळिंब आणि जिवाणू हे दोन शब्द एका दमात उच्चारले, तर त्यांना तेल्याच आठवेल. फळावर तेलकट डाग पडतात, ते तडकते, आणि हाताशी आलेला बहार जातो. तो झँथोमोनास या जिवाणूचा प्रताप. देशात सर्वांत जास्त डाळिंब पिकवणाऱ्या आपल्या राज्यात जिवाणूची ओळख अशी शत्रू म्हणूनच झाली, यात नवल नाही.

पण पोटातले जिवाणू तयार करतात त्या युरोलिथिनचा एवढा बोलबाला का झाला? आपल्या पेशींत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रिया असतात. त्या जुन्या होतात, बिघडतात, आणि पेशी त्या मोडीत काढते. वय वाढले की ही मोड नीट होत नाही. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या शास्त्रज्ञांनी २०१६ साली दाखवले की युरोलिथिन-ए या मोडीला चालना देते. जेमतेम एक मिलिमीटर लांबीचे प्रयोगशाळेतले कृमी त्यामुळे ४५ टक्के जास्त जगले, आणि म्हातारे उंदीर जास्त वेळ धावू लागले.

आता कृमी म्हणजे काही माणूस नव्हे. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत पासष्टीपुढच्या ६६ जणांपैकी काहींना चार महिने युरोलिथिन-ए दिले, काहींना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. स्नायू थकायला थोडा जास्त वेळ लागू लागला. सहा मिनिटांत किती अंतर चालता येते ते मोजले, तेव्हा मात्र दोन्ही गटांत म्हणावा असा फरक पडला नाही. तरीही तयार युरोलिथिनच्या कॅप्सूल परदेशांत विकल्या जातात. जिवाणूंचे काम कारखान्यात उरकलेले असल्याने ज्यांच्या पोटात ते होत नाही त्यांचीही सोय झाली, हे खरे. पण सहा मिनिटांच्या चालण्यात न दिसलेल्या फायद्यासाठी दरमहा पैसे मोजावेत, असे निदान मला तरी वाटत नाही.

आणि हो, आपण कोणत्या गटात आहोत हे कळावे म्हणून रसाचे पेल्यामागून पेले रिचवू नका. ते चवीवरून कळत नाही, आणि अंगात तरतरी आली की नाही त्यावरूनही नाही. त्यासाठी लघवी तपासावी लागते. १०० मिलिलिटर रसात सुमारे १२ ग्रॅम साखर असते. घरात कोणाला मधुमेह असेल तर रस काढण्याऐवजी वाटीभर दाणे द्यावेत, म्हणजे त्यातला चोथाही पोटात जातो. आणि अक्रोड, स्ट्रॉबेरी, रासबेरी यांतही याच जातीची द्रव्ये असतात. डाळिंब महाग झाले म्हणून अडत नाही.