अपंगत्वाचा टक्का आणि हातात येणारी रक्कम

(रुग्णालयाच्या वार्षिक कामगार-रुग्ण मेळाव्यात प्रशासकांनी केलेले भाषण)



दरवर्षी या मेळाव्यात आमचे वैद्यकीय सहकारी आपल्याशी बोलतात. यंदा विश्वस्त मंडळाने ती जबाबदारी आमच्यावर सोपवली. आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. हाडामांसाविषयी आम्ही बोलू नये हेच उत्तम. परंतु जखम भरल्यावर रुग्ण अखेर आमच्याच खिडकीपाशी येतो आणि विचारतो, "साहेब, वीस टक्के अपंगत्व लिहून दिले आहे. म्हणजे पगाराचे वीस टक्के मिळणार ना?" या प्रश्नाचे एकच एक उत्तर नाही. कधी जवळजवळ तेवढेच मिळतात, कधी वेगळ्याच हिशेबाने एकरकमी मिळतात आणि कधी एक पैसाही मिळत नाही. टक्का हा शब्द एक असला, तरी तो लिहिणारे वेगळे असतात आणि त्याला गुणणारे आकडेही वेगळे असतात.

आपल्यापैकी बहुसंख्य ज्या योजनेत आहेत त्या कर्मचारी राज्य विमा योजनेपासून, म्हणजे आपल्या ईएसआयपासून, सुरुवात करू. महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असणारे कामगार तिच्यात येतात. ही मर्यादा १ जानेवारी २०१७ पासूनची आहे. कामावर अपघात झाला आणि अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम करणे अशक्य झाले, तर सरासरी दैनिक वेतनाच्या ९० टक्के रक्कम दर दिवसाला मिळते. त्यासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी अशी अट नाही. कामाच्या पहिल्या दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे.

हे सरासरी वेतन कोणते, याविषयी मात्र बराच गैरसमज आढळतो. एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च असे वर्गणीचे दोन कालखंड असतात, आणि पहिल्याचा लाभ पुढील जानेवारी ते जून, दुसऱ्याचा पुढील जुलै ते डिसेंबर या काळात मोजला जातो. त्यामुळे ऑगस्टमध्ये अपघात झाला, तर साधारणपणे आधीच्या ऑक्टोबर ते मार्चचे वेतन धरले जाते. मेमध्ये झालेली पगारवाढ त्यात दिसत नाही. अनेकांना यात फसवणूक झाल्यासारखे वाटते व ते कारखान्याच्या ऑफिसात भांडून येतात. तेथे तरी भांडणाचे कारण नसते.

जखम बरी झाली, पण अवयव गेला किंवा निकामी राहिला, तर प्रकरण वैद्यकीय मंडळापुढे जाते. मंडळ ठरवते तो टक्का शरीर किती दुखावले याचा नसून कमावण्याची क्षमता किती घटली याचा असतो. त्यासाठी कायद्याला जोडलेले एक परिशिष्ट आहे. त्यात अंगठ्याला ३० टक्के, पूर्ण तर्जनीला १४, मध्यमेला १२, अनामिका किंवा करंगळीला ७ टक्के आहेत. एका हाताची दोन बोटे गेल्यास २०, तीन गेल्यास ३०, चारही गेल्यास ५० आणि संपूर्ण पंजा गेल्यास ६० टक्के. उजवा हात आणि डावा हात असा भेद त्यात नाही. बोट जागेवर असूनही त्याचा उपयोग पूर्णपणे व कायमचा गेला असेल, तर ते गेल्यासारखेच धरतात. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते.

आता गुणाकार. समजा सरासरी दैनिक वेतन ६०० रुपये आहे. त्याचे ९० टक्के म्हणजे ५४० रुपये. दोन बोटे गेली असल्यास ५४० चे २० टक्के, म्हणजे रोजचे १०८ रुपये. तीस दिवसांचे ३,२४०. ही रक्कम आयुष्यभर मिळते. त्याच कारखान्यात त्याच पगारावर पुन्हा रुजू झालात, तरी ती थांबत नाही. "नोकरी चालू आहे म्हणून पेन्शन बंद होईल" या भीतीने काही जण मंडळापुढे जातच नाहीत. असे कृपया करू नये. हयातीचा दाखला मात्र वेळच्या वेळी द्यावा लागतो. पहिला निर्णय काही वेळा तात्पुरता असतो व पुढे फेरतपासणी होते. टक्का मान्य नसल्यास मुदतीत अपील करता येते.

या ठिकाणी आम्हांस एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी प्रेसवर काम करणारा एक तरुण आमच्याकडे दाखल झाला होता. त्याच्या तर्जनीचे पहिले पेर हाडासह गेले होते. आमच्या डिस्चार्ज कार्डावर मात्र घाईत लिहिले गेले, "बोटाचे टोक छाटले." परिशिष्टात हाड न जाता केवळ टोक गेल्यास ५ टक्के, एक पेर गेल्यास ९ आणि दोन पेरे गेल्यास ११ टक्के आहेत. मंडळापुढे त्याच्याजवळ एक्स-रे नव्हता, होते ते आमचे कार्ड. त्याला ५ टक्के मिळाले. तो आमच्याकडे परत आला तेव्हा चिडलेला नव्हता, केवळ विचारीत होता की हे बरोबर आहे का. रेकॉर्ड रूममध्ये दोन दिवस शोधून एक्स-रे सापडला, शल्यचिकित्सकांनी सुधारित दाखला दिला आणि अपिलात ९ टक्के मंजूर झाले. यात जवळजवळ एक वर्ष गेले. आजच्या ५४० रुपयांच्या दराने हा फरक रोजचा २१ रुपये ६० पैसे होतो. आमच्या ताळेबंदात ही रक्कम कुठेही दिसली नसती. त्यानंतर आम्ही केसपेपरवर हाताचे चित्र छापून घेतले. कोणते बोट, कोणत्या पेरापर्यंत, हाड गेले की नाही, हे डॉक्टर त्यावर खूण करून दाखवतात. छपाईचा खर्च मंजूर करताना विश्वस्तांनी एकही प्रश्न विचारला नाही, याची येथे कृतज्ञतापूर्वक नोंद करतो.

कागदांतील दुसरा दोष आमचा नाही, पण तो आमच्या दारात घडतो. जखमी कामगाराला घेऊन येणारी व्यक्ती पुष्कळदा कंत्राटदाराची असते. नोंदणीच्या टेबलावर ती सांगते, "घरी पडला." एकदा तसे लिहिले गेले की कामावरील अपघात सिद्ध करणे अतिशय कठीण होऊन बसते. म्हणून आमच्या कर्मचाऱ्यांना सूचना आहे की रुग्ण बोलू शकत असल्यास हकिकत त्याच्याच तोंडून घ्यावी आणि अपघाताची वेळ व जागा लिहावी. नोकरी जाण्याच्या भीतीने कामगार स्वतःच "घरी पडलो" म्हणतो, असेही घडते. त्याची भीती आम्ही जाणतो. परंतु योजनेच्या कक्षेत येणाऱ्या मालकाने नाव नोंदवले नसले तरी कामगाराचा हक्क बुडत नाही आणि मालकाकडून वसुली करण्याचे काम महामंडळाचे आहे, हे त्याला कुणीतरी सांगितले पाहिजे.

ईएसआयच्या बाहेर असणाऱ्यांसाठी मालकाकडून नुकसानभरपाईचा मार्ग आहे. त्याचा हिशेब अगदी निराळा, एकरकमी. मासिक वेतनाच्या ६० टक्क्यांना वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. हा गुणक तिसाव्या वर्षी २०७.९८ आणि पन्नासाव्या वर्षी १५३.०९ आहे. वेतन कितीही असले तरी जानेवारी २०२० च्या अधिसूचनेप्रमाणे १५,००० रुपयेच धरतात. म्हणजे १८,००० रुपये मिळवणाऱ्या तीस वर्षांच्या कामगाराची दोन बोटे गेली, तर ९,००० गुणिले २०७.९८ म्हणजे १८,७१,८२० रुपये, आणि त्याचे २० टक्के म्हणजे ३,७४,३६४ रुपये. पन्नाशीच्या माणसाला त्याच जखमेसाठी २,७५,५६२. ज्याला ईएसआय लागू आहे, त्याला हे दोन्ही एकाच वेळी मागता येत नाहीत.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली असून १९४८ चा राज्य विमा कायदा आणि १९२३ चा नुकसानभरपाई कायदा तिच्यात सामावले गेले आहेत. कायद्याचे नाव व कलमांचे क्रमांक बदलले. टक्क्यांचे परिशिष्ट आणि वयाच्या गुणकाची पद्धत राहिली. जुन्या कलमांचा आकडा घोकून कोणी आपल्याला घाबरवू पाहील, तर घाबरू नये.

रस्त्यावरील अपघाताचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे चालतो, तेथे दृष्टीच वेगळी. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे फार सुबोधपणे सांगितले आहे. डावा हात गेल्यास शारीरिक अपंगत्व ६० टक्क्यांच्या आसपास असू शकेल. पण तो माणूस चालक किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ शंभर टक्के बुडते, आणि सरकारी कारकून असेल तर कदाचित नोकरी टिकते. तेथे वार्षिक उत्पन्न, कमाईतील घटीचा टक्का आणि वयाचा गुणक यांचा गुणाकार होतो. २६ ते ३० या वयासाठी गुणक १७ आहे. म्हणून डॉक्टरांनी दाखल्यात दिलेला टक्का त्या अवयवाचा आहे की संपूर्ण शरीराचा, हे स्पष्ट असलेच पाहिजे. आमच्या डॉक्टर मित्रांना हे आम्ही वारंवार सांगतो, आणि ते आम्हांला वारंवार सहन करतात.

राहिली प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वर्षाला २० रुपये बँक खात्यातून वजा होतात. अपघातात एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा गेल्यास १ लाख रुपये आणि दोन्ही डोळे किंवा दोन्ही हात-पाय गेल्यास २ लाख रुपये. केवळ बोटांसाठी तिच्यात काहीही नाही. आणि सरकारी दिव्यांग प्रमाणपत्र सवलतींसाठी असते. तेथे ४० टक्क्यांचा उंबरठा आहे. ईएसआयच्या वीस टक्क्यांवर दिव्यांगांच्या सवलती मागायला गेलेले कित्येक जण हिरमुसले होऊन परत आलेले आम्ही पाहिले आहेत.

आमच्या समाजसेवा विभागाची खिडकी बुधवारी व शनिवारी दुपारी उघडी असते. येताना मूळ डिस्चार्ज कार्ड, एक्स-रे, विमा क्रमांक आणि शेवटच्या वर्षाच्या पगाराच्या पावत्या आणाव्यात. कार्ड हरवले असेल तरीही यावे. रेकॉर्ड रूम आमच्याकडे आहे, शोधून देऊ.