चंद्र पडतोय, तरी पडत नाही



समजा, आपण ताम्हिणी घाटाच्या कड्यावर उभे आहोत.
हातातला दगड सोडला…
सरळ खाली पडला.
समोर भिरकावला…
थोडा लांब जाऊन पडला.

आता कल्पना करा.
वाटेत हवा नाही, आणि फेक अफाट वेगाची आहे.
दगड पडतोय…
पण पृथ्वी गोल, त्यामुळे जमीनही खाली वळतेय.
तो टेकणारच नाही!

चंद्राचं हेच चाललंय.
तो सतत पडतोय, आणि सतत पुढे धावतोय.
होय, पडतोय… आणि धावतोय.
म्हणून तो पृथ्वीभोवती फिरतो.
ग्रहही सूर्याभोवती असेच फिरतात.

आपल्या मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीतून खाली भिऱ्याला झेपावतं.
१९२७ पासून तिथे वीज होते.
त्या पाण्याला खाली खेचते पृथ्वीची ओढ…
चंद्राला धरून ठेवणारी, तीच.