जळजळ शमली, जखम भरली का?



छातीत जळजळले, घशाशी आंबट पाणी आले की मराठी घरात ‘पित्त झाले’ असे म्हटले जाते आणि विषय तेथेच संपतो. आयुर्वेदाने मात्र या तक्रारीचा गांभीर्याने विचार केला होता. माधवकराच्या ‘माधवनिदान’ या ग्रंथात अम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरण असून त्याचे ऊर्ध्वग व अधोग असे दोन भेद सांगितले आहेत. आधुनिक वैद्यकानुसार घशाशी येणारा हा दाहक द्रव प्रामुख्याने जठरातील आम्ल होय. या आम्लाने अन्ननलिकेच्या आतील आवरणास इजा झाली की त्या विकारास ‘रिफ्लक्स इसोफेजायटिस’ म्हणतात.

अन्ननलिका व जठर यांच्या सीमेवर स्नायूंचे एक वलय असते. घास उतरताना ते उघडते, एरवी मिटलेले असते. हा द्वारपाल सैल पडला की आम्ल वर चढते. जठराचे आवरण आम्ल सोसण्यास समर्थ असते; अन्ननलिकेचे तेवढे नसते.

द्वारपालास दुर्बळ करणाऱ्या गोष्टींत पोटाचा वाढता घेर अग्रस्थानी आहे. तेथील मेदाचा दाब जठरावर पडतो. जठराचा वरचा भाग श्वासपटलातून छातीत सरकणे, म्हणजे हायेटस हर्निया, हे दुसरे मोठे कारण. धूम्रपान, मद्यपान, गर्भावस्था आणि भरल्या पोटी आडवे होणे ही आणखी काही कारणे. रक्तदाब, हृदयविकार व दमा यांवरील काही औषधांनीही वलय सैल होते. तथापि ती परस्पर बंद करणे घातक ठरेल.

दुर्बिणीच्या तपासणीत निरोगी अन्ननलिका फिकट गुलाबी, तर जठराचे आवरण लालसर दिसते. दाह असल्यास सीमेलगत आवरण तुटलेले आढळते. १९९४ साली लॉस एंजेलिस येथील जागतिक परिषदेत मांडलेल्या वर्गीकरणाने या जखमांच्या चार श्रेणी ठरविल्या. ‘ए’ श्रेणीत जखम ५ मिलिमीटरपर्यंत, ‘बी’त त्याहून लांब, मात्र दोन्हींत ती एका वळीवरून दुसरीवर पसरत नाही. ‘सी’मध्ये ती वळ्या ओलांडते, पण परिघाच्या ७५ टक्क्यांहून कमी भाग व्यापते. ‘डी’मध्ये ७५ टक्के वा अधिक परीघ व्यापलेला असतो. ‘ए’ श्रेणीवरून रिफ्लक्सचा निश्चित निष्कर्ष काढता येत नाही. ‘बी’पासून पुढे तो काढता येतो.

जळजळीची तीव्रता आणि जखमेची खोली यांचे प्रमाण जुळतेच असे नाही, हे येथे ध्यानी घेतले पाहिजे. तीव्र जळजळ असूनही अनेकांची अन्ननलिका निर्दोष आढळते. उलट वृद्धांमध्ये वेदना मंद आणि जखम मोठी असू शकते. पाचक चूर्ण किंवा गोळीने जळजळ शमते, म्हणून जखम भरली असे नव्हे. दीर्घकाळच्या दाहानंतर काहींच्या अन्ननलिकेत जठराकडील लालसर आवरणासारखे आवरण वर चढते. ब्रिटिश शल्यविशारद नॉर्मन बॅरेट यांच्या नावाने ही अवस्था ओळखली जाते. तीत कर्करोग थोड्यांनाच होतो. पण धोका वाढतो, हे निश्चित. म्हणूनच ‘सी’ व ‘डी’ श्रेणींत औषधोपचारानंतर पुन्हा दुर्बीण तपासणी करणे आवश्यक ठरते.

घास अडकणे, गिळताना वेदना, रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, रक्तक्षय वा अकारण घटणारे वजन ही लक्षणे दिसताच तपासणी लांबवू नये. छाती दडपून घाम फुटला, दम लागला तर ‘पित्तच असेल’ असे न समजता तत्काळ रुग्णालय गाठावे. तो हृदयविकार असू शकतो.

उपचारांत आम्लनिर्मिती रोखणाऱ्या गोळ्या प्रभावी आहेत. त्या सामान्यतः जेवणापूर्वी अर्धा ते एक तास आणि वैद्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्यात. परंतु औषधाइतकेच महत्त्व आचाराला आहे. वजन आटोक्यात ठेवावे, रात्रीचे जेवण निजण्यापूर्वी तीन तास उरकावे, पलंगाची उशाकडील बाजू उंच करावी. जेवणानंतरची शतपावली आणि निजताना डाव्या कुशीचा आग्रह या घरच्याच सवयी आहेत. डाव्या कुशीवर जठर अन्ननलिकेच्या पातळीखाली राहते, त्यामुळे वर चढलेले आम्ल लवकर ओसरते.

तात्पुरता आराम म्हणजे आरोग्य नव्हे. वारंवार होणाऱ्या जळजळीचे मूळ शोधून त्यावर वेळीच उपाय करणे, हेच खरे शहाणपण.