शाळेचे दिवस आणि कुटुंबाची सफर

(महोत्सवानिमित्त भरलेल्या पालकसभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या प्रसंगीं गौरवपर भाषणें पुष्कळ होतात, व तीं व्हावींत. परंतु ह्या सभेचे चालक मजकडे आले तेव्हां त्यांनीं स्पष्टच सांगितलें कीं, ज्यानें तीस वर्षें शाळेंत घालविलीं त्यानें आमची स्तुति करूं नये, त्याला जें खुपतें तें सांगावें. ही आज्ञा मीं आनंदानें मान्य केली. मला खुपणारी गोष्ट अगदीं साधी आहे. शाळा चालू असतांना आपण मुलांना घेऊन सहलीला, पाहुण्यांकडे, गोव्याला निघून जातों, आणि परत आल्यावर वर्गशिक्षकाच्या हातीं एक चिठ्ठी पाठवितों: "ताप आला होता."

त्या चिठ्ठीपासूनच आरंभ करितों. एका जानेवारींत इयत्ता सहावींतला एक मुलगा आठ दिवसांच्या गैरहजेरीनंतर वर्गांत आला. नाकाची कातडी उन्हानें सोललेली, मनगटाला शिंपल्यांची माळ, आणि चिठ्ठींत ताप! मीं विचारिलें, "काय रे, बरें वाटतें का आतां?" त्यानें खालीं पाहिलें व म्हणाला, "हो सर." सगळा वर्ग हंसला, कारण समुद्राची सारी हकीकत त्यानें प्रार्थनेपूर्वींच मित्रांना सांगून टाकिली होती. मी हंसलों नाहीं व रागावलोंही नाहीं. चिठ्ठीची घडी करून ती हजेरीपटांत ठेविली. त्याच दिवशीं त्याच्या आईवडिलांस बोलावून घ्यावयास हवें होतें. तें मीं केलें नाहीं.

त्या आठ दिवसांत वर्गांत अपूर्णांकांचा भागाकार झाला होता. मुलाची आई मोठी दक्ष. तिनें शेजारच्या मुलाची वही मागून आणिली आणि राहिलेला सर्व अभ्यास स्वतःच्या हातानें उतरून दिला. अक्षर इतकें सुरेख कीं वही पाहून कोणीही शाबासकी द्यावी! परंतु वही पूर्ण झाली आणि मुलगा अपुरा राहिला. तोच मुलगा नववींत पुन्हां माझ्या हाताखालीं आला, तेव्हां भागाकार करितांना दुसरा अपूर्णांक उलटा कां करावयाचा हें त्याला ठाऊक नव्हतें. उलटा करावयाचा एवढेंच पाठ होतें. इतिहासाचा एखादा धडा बुडाला तर मूल तो घरीं वाचून काढूं शकतें. गणिताचें तसें नाहीं. तेथें एक पायरी निसटली कीं तिचा पत्ता पुढें तीन वर्षांनीं लागतो, आणि तोंपर्यंत आपण सारे म्हणत असतों, "ह्याला गणितच येत नाहीं."

आणि नुकसान एकट्याचेंच होतें असेंही नाहीं. एका मुलासाठीं शिक्षक मागें वळला कीं उरलेल्या साऱ्या वर्गाला थांबावें लागतें. ह्या आठवड्यांत एक, पुढच्या आठवड्यांत दुसरा, असें चालू झालें म्हणजे शिक्षकानें कोणाकरितां थांबावें? (शिक्षकही मध्येंच रजा घेतात, हें मला कोणी ऐकविण्यापूर्वीं मीच कबूल करितों. तो विषय शिक्षकांच्या सभेंत काढीन.)

आपल्या लोकांची अडचण मला कळत नाहीं असें नाहीं. उपवासकाळ लागण्यापूर्वीं लग्नें उरकावयाचीं, म्हणून तीं जानेवारी-फेब्रुवारींत येतात, आणि नेमका तोच अभ्यासाचा भर असतो. मे महिन्यांत व नाताळांत प्रवासाचें भाडें चढतें. तेंच जानेवारीच्या मध्यास उतरतें. चार माणसांच्या कुटुंबाला हा फरक लहान नव्हे. ज्यानें स्वतः कधीं असा हिशेब केला नसेल त्यानें दुसऱ्याला दोष द्यावा.

विलायतेंत ह्या प्रश्नाची तड थेट सर्वोच्च न्यायालयांत लागली, ती हकीकत ऐकण्याजोगी आहे. वाइट बेटावरील एका पित्यानें 2015 सालच्या एप्रिलांत आपल्या मुलीला शाळेचे सात दिवस बुडवून अमेरिकेंत फ्लोरिडाला नेलें. मुख्याध्यापकांनीं परवानगी नाकारली होती. दंड झाला; तो त्यानें भरला नाहीं. त्याचें म्हणणें असें कीं, मुलीची हजेरी शेंकडा नव्वदांहून अधिक आहे, मग ती 'नियमित' नाहीं असें कसें म्हणतां? खालच्या दोन्ही न्यायालयांना हें पटलें. परंतु 6 एप्रिल 2017 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें एकमतानें निकाल दिला कीं, नियमित म्हणजे शाळेच्या नियमांप्रमाणें. अशा गैरहजेरीनें त्या मुलाच्याच नव्हे तर इतर मुलांच्याही अभ्यासांत व्यत्यय येतो, हेंही न्यायमूर्तींनीं नमूद केलें. 2024 च्या ऑगस्टपासून इंग्लंडांत पहिल्या वेळचा दंड दर मुलामागें प्रत्येक पालकास 80 पौंड आहे. एकवीस दिवसांत न भरल्यास 160.

आपल्याकडे असा दंड नाहीं. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानें मुलाला शाळेंत घालणें हें पालकांचें कर्तव्य ठरविलें, परंतु तें मोडल्यास पालकाला शिक्षा सांगितली नाहीं. त्याच कायद्यानें पहिली ते पांचवीला वर्षाचे 200 दिवस आणि सहावी ते आठवीला 220 दिवस शाळा भरली पाहिजे असें ठरविलें. म्हणजे वर्षांतले सुमारें दीडशें दिवस शाळेचे नव्हतच. दंड यावा असें मला वाटतही नाहीं. दंड आला कीं ज्याच्याजवळ पैसा आहे तो दंडाची रक्कम तिकिटाच्या किंमतींत मिळवील व खुशाल निघून जाईल. अडेल तो गरीब.

आतां माझीच एक चूक सांगतों. मी मुख्याध्यापक असतांना जहाजावर नोकरी करणाऱ्या एका गृहस्थाची मुलगी सातवींत होती. वडील नऊ महिन्यांनीं घरीं आले ते ऑगस्टच्या अखेरीस. सहा दिवस सर्वांनीं मिळून वेलांकनीला जावें, एवढीच त्यांची इच्छा. त्यांनीं ताप सांगितला नाहीं. स्वतः कार्यालयांत आले, टोपी हातांत धरून उभे राहिले आणि खरें कारण सांगून रजा मागितली. घटक चाचणी आहे म्हणून मीं ती नाकारली. मुलगी चाचणीला बसली. तिला 20 पैकीं 18 गुण मिळाले. दिवाळीची सुटी लागण्यापूर्वींच वडील पुन्हां जहाजावर गेले. ते 18 गुण आज कोणाला आठवत असतील? नियम मीं पाळला. पण जो खरें बोलला त्याला मीं रिकाम्या हातानें परत पाठविलें, आणि ज्यांनीं तापाची चिठ्ठी दिली ते समुद्रावर जाऊन आले. ह्यावरून गांवानें काय धडा घेतला असेल, हें मला पुढें दरवर्षीं येणाऱ्या चिठ्ठ्यांवरून कळलें.

म्हणून दोन प्रकारच्या गैरहजेरींत मी भेद करितों. बापाला रजा मालक देतो तेव्हांच मिळते. आजी अखेरच्या घटका मोजीत असते ती शाळेचें वेळापत्रक पाहून नव्हे. अशा वेळीं मूल घरच्या माणसांजवळच असावें, आणि शाळेनें आडकाठी करूं नये. परंतु जें दुसऱ्या दिवशींही जमलें असतें, त्यासाठीं शाळा बुडविणें निराळें. संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचें दर्शन गोव्यांत दहा वर्षांनीं होतें. मागचें 21 नोव्हेंबर 2024 पासून 5 जानेवारी 2025 पर्यंत होतें. त्या 46 दिवसांत 7 रविवार आले, नाताळची सुटी आली. तरीही गर्दी कमी म्हणून मंगळवार-बुधवार निवडणारीं कुटुंबें मीं पाहिलीं. त्यांच्या भक्तीविषयीं मी शंका घेत नाहीं. पण रांगेंत दोन तास अधिक उभें राहणें मुलाच्या दोन दिवसांहून महाग होतें काय?

रेल्वेचें आरक्षण 1 नोव्हेंबर 2024 पासून प्रवासाच्या 60 दिवस आधीं सुरू होतें. पूर्वीं तें 120 दिवस आधीं होत असे. शाळेच्या सुट्यांची यादी त्याहून पुष्कळ आधीं, जूनमध्येंच आपल्या हातीं येते. ती कपाटांत न ठेवतां घरांतील दिनदर्शिकेशेजारीं टांगा, आणि लग्नाची तारीख ठरविण्यास बसाल तेव्हां एकदां तिच्याकडे पाहा. विवाह शनिवारीं किंवा रविवारीं ठेविला व हळदीच्या दिवशीं मुलें दुपारपर्यंत शाळेंत गेलीं, तर मांडव कांहीं अडून राहत नाहीं.

आणि जेव्हां रजा घ्यावीच लागेल तेव्हां ती आधीं मागा, खऱ्या कारणासह, स्वतःच्या सहीनें. मुलाच्या तोंडून खोटें वदवूं नका. येथें हजर असलेल्या मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे कीं, असें पत्र आलें तर घटक चाचणीचा कागद पुढें करण्यापूर्वीं समोर उभ्या असलेल्या माणसाला बसावयास खुर्ची द्यावी. मीं त्या गृहस्थाला बसाही म्हटलें नव्हतें.